श्रद्धेचे एकटेपण आणि तिचा शेजार : मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनाचा एक प्रश्न

१

धार्मिक आत्मपर वाङ्मयाच्या समीक्षेत ‘वैयक्तिक श्रद्धा’ ही संज्ञा इतक्या सहजपणे वापरली जाते की, तिच्यातील ‘वैयक्तिक’ या विशेषणाचा अर्थ काय, हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. विल्यम जेम्स यांनी १९०२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत व्यक्तीला तिच्या एकांतात येणारा अनुभव हा धर्माचा गाभा मानला आणि धर्मसंस्था, सिद्धांत, विधी यांना दुय्यम स्थान दिले. या भूमिकेचा प्रभाव विसाव्या शतकात दूरवर पसरला. चार्ल्स टेलर यांनी बरोबर शंभर वर्षांनी, २००२ साली, जेम्स यांच्या या मांडणीचा पुनर्विचार करताना असे दाखवून दिले की, एकांतातील धर्म ही कल्पनाच एका विशिष्ट परंपरेची, मुख्यतः प्रॉटेस्टंट परंपरेची, निर्मिती आहे. म्हणजे ‘मी माझा एकटा देवासमोर उभा आहे’ असे म्हणण्याची रीतसुद्धा कुणाकडून तरी शिकलेली असते.

मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनाच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’, पंडिता रमाबाई यांची पत्रे व १९०७ मधील इंग्रजी आत्मनिवेदन, लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ आणि नारायण वामन टिळक यांची भक्तिपर कविता या लेखनाकडे मराठी समीक्षेने प्रामुख्याने दोन रीतींनी पाहिले आहे. पहिल्या रीतीत हे लेखन ‘धर्मांतराची कथा’ ठरते. त्यात एक पूर्वीचे घर असते, एक नंतरचे घर असते आणि दोहोंमध्ये एक उंबरठा असतो. दुसऱ्या रीतीत नंतरच्या घरात पूर्वीच्या घरातले काय काय शिल्लक राहिले, याची यादी केली जाते. ओवी, अभंग, कीर्तन, गुरूची कल्पना, माउलीची प्रतिमा हे सारे ‘हिंदू संस्कारांचे अवशेष’ म्हणून नोंदले जाते. देशीवादी दृष्टिकोनातून हे अवशेष लेखकाच्या देशीयतेचा पुरावा ठरतात, तर कडव्या मिशनरी दृष्टिकोनातून ते अपुऱ्या परिवर्तनाचे लक्षण ठरतात. मूल्यनिर्णय परस्परविरुद्ध असले, तरी दोहोंचे गृहीतक एकच आहे : श्रद्धा ही वस्तू नवी असते आणि संस्कृती ही तिला चिकटून आलेली जुनी माती असते.

या दोन्ही रीतींत एक तिसरा घटक जवळजवळ संपूर्णपणे निसटतो. तो म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या अंतर्गत असलेले पंथभेद. मराठी ख्रिस्ती लेखकाला भेटलेला ख्रिस्ती धर्म एकसंध नव्हता. गोव्यात तो जेझुइट होता. अहमदनगरात अमेरिकन काँग्रिगेशनल होता. मुंबई-पुण्यात स्कॉटिश प्रेस्बिटेरियन होता. पंचहौदात उच्च अँग्लिकन होता. यांपैकी प्रत्येकाची अधिकाराविषयीची, ग्रंथाविषयीची आणि व्यक्तीच्या सदसद्विवेकाविषयीची कल्पना वेगळी होती. लेखकाची श्रद्धा ‘त्याची स्वतःची’ कशी झाली, हे समजून घ्यावयाचे असेल, तर इतिहास, संस्कृती आणि अन्य पंथांचा शेजार या तिन्ही घटकांचा एकत्रित विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात रमाबाई आणि टिळक दांपत्य यांच्या लेखनाच्या आधारे हा विचार करावयाचा आहे आणि अखेरीस या परंपरेच्या वारशाचा प्रश्न ज्या भूभागात आज प्रत्यक्ष जगला जातो, त्या पिंपरी-चिंचवड-चाकण परिसराच्या संदर्भात त्याची मर्यादाही तपासावयाची आहे.

२

पंथभेदाचा घटक किती मुळाशी असतो, हे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. १६१६ साली राशोल येथे छापून निघालेले ‘क्रिस्तपुराण’ हे मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचे पहिले महत्त्वाचे शिखर होय. त्यातील ओवी, मराठी भाषेचा गौरव आणि पुराणाची रचना यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु स्टीफन्स हे एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडातून आलेले कॅथलिक होते, ही गोष्ट चरित्रात्मक तपशील म्हणून सांगितली जाते आणि तेथेच सोडली जाते. ज्या देशाने राजाज्ञेने पंथ बदलला, जेथे आपल्या जुन्या पंथाला धरून राहणे जोखमीचे झाले होते, त्या देशातून हा मनुष्य बाहेर पडला आणि १५७९ मध्ये गोव्यात पोचला. तेथे त्याला अशी माणसे भेटली की, ज्यांची देवळे गेली होती आणि ज्यांच्या पोथ्यांवर बंदी आली होती. ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच्या भागात एक नवख्रिस्ती ब्राह्मण जुन्या पुराणांच्या जागी वाचावयास आम्हांला काहीतरी द्या, अशी विनंती करतो. या विनंतीमागे पोर्तुगीज सत्तेने निर्माण केलेली पोकळी आहे. ती पोकळी भरून काढणाऱ्या कवीलाही उपासनेची सक्तीने झालेली उलथापालथ अपरिचित नव्हती. ‘क्रिस्तपुराणा’तील करुणेचा आणि आर्जवाचा स्वर या दुहेरी इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. अर्थात यामुळे सत्तेचा प्रश्न मिटत नाही. स्टीफन्स विजेत्यांच्या बाजूचेच राहतात. तथापि श्रद्धा आणि इतिहास यांचा संबंध ‘युरोपीय धर्म व भारतीय रूप’ एवढ्या सोप्या समीकरणात बसत नाही, एवढे त्यातून स्पष्ट व्हावे.

३

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) जीवनात हे तिन्ही घटक विलक्षण स्पष्टपणे दिसतात. त्यांच्या धर्मविचाराच्या पार्श्वभूमीला तीर्थयात्रा करीत पुराणे सांगणारे आईवडील आहेत, १८७०च्या दशकातील दुष्काळात त्यांचा झालेला मृत्यू आहे, कलकत्त्यातील ब्राह्मो विचार आहे आणि १८८२ मधील वैधव्य आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना तेथे नेणारी संस्था म्हणजे पुण्यात काम करणारी सेंट मेरी द व्हर्जिन या नावाची अँग्लिकन जोगिणींची मंडळी. त्यांच्या मनाचा निर्णायक कौल घडवून आणणारे गृहस्थ मात्र इंग्रज नव्हते. फादर नेहेम्या गोरे, म्हणजे पूर्वाश्रमीचे नीलकंठशास्त्री गोरे, यांच्या पत्रांचा व युक्तिवादाचा आपल्यावर झालेला परिणाम रमाबाईंनी स्वतः मान्य केलेला आहे. शास्त्रार्थाच्या परंपरेत वाढलेल्या पंडितेला शास्त्रार्थाच्याच परंपरेतून आलेला पंडित पटवू शकला, ही घटना अवशेषाच्या भाषेत सांगता येत नाही. येथे जुनी संस्कृती नव्या श्रद्धेला चिकटलेली नाही. तिनेच नव्या श्रद्धेकडे जाणारी वाट दाखवलेली आहे.

बाप्तिस्म्यानंतरचा पत्रव्यवहार या दृष्टीने अधिक बोलका आहे. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या या पत्रांत रमाबाई, सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्यातील वाद नोंदला गेला आहे. वादाचे विषय वरवर पाहता विखुरलेले आहेत. त्रैक्याचा सिद्धांत व अथानासियसचा मतांगीकार, बिशपांचा अधिकार, मुलींना आणि मुलग्यांना शिकवण्याची परवानगी, क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत की संस्कृत, अंडी घातलेले पदार्थ खावेत की नाही, हे सर्व प्रश्न एकाच पातळीवर येतात. रमाबाईंचे शाकाहारी राहणे जेराल्डिन यांना जातीच्या अभिमानाचे शेष वाटले. रमाबाईंनी उत्तरात आपल्या हिंदूपणाची लाज बाळगण्याचे नाकारले आणि पूर्वजांच्या निरुपद्रवी चालीरीती पाळण्यात ख्रिस्ती श्रद्धेला बाध येत नाही, असे स्पष्ट केले. हे लक्षात घेतले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. समीक्षेत आज वापरले जाणारे ‘अवशेषां’चे प्रतिमान तटस्थ नाही. ते या वादातील एका पक्षाचे, आणि तेही अधिकार गाजवणाऱ्या पक्षाचे, हत्यार होते. ते समीक्षकाने नकळत उचलले, तर रमाबाईंचा प्रतिवाद ऐकूच येत नाही.

त्या प्रतिवादाचे स्वरूप तपासण्यासारखे आहे. हिंदुस्थानातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या प्रयासाने झुगारल्यानंतर तसेच दुसरे जोखड आपण खांद्यावर घेणार नाही, असा रमाबाईंच्या युक्तिवादाचा आशय आहे. म्हणजे बिशपाच्या अधिकाराला विरोध करण्याचे बळ त्यांना पुण्या-कलकत्त्यातील अनुभवाने दिले. परंतु तेवढ्यानेच त्या विरोधाचा उलगडा होत नाही. सदसद्विवेकबुद्धी आणि ईश्वर यांच्यामध्ये कुणी मनुष्य नको, ही भाषा त्या काळच्या इंग्लंडमध्ये मुक्त पंथीयांची होती. उच्च अँग्लिकन मठाच्या भिंतीआड बसून रमाबाई ज्या शब्दांत बोलत होत्या, ते शब्द भिंतीपलीकडील पंथांना अपरिचित नव्हते. पंथांचा हा शेजार त्यांनी पुढे प्रत्यक्षही अनुभवला. अमेरिकेतील वास्तव्यानंतर १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात तेथील धर्मपंथांसाठी त्यांनी एक प्रकरण दिले आहे. १९०७ च्या आत्मनिवेदनात मात्र सूर बदलतो. उच्च आणि नीच अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन, कॅथलिक अशा पंथांच्या गलबल्यात आपण किती गोंधळून गेलो होतो, याचे वर्णन त्या करतात आणि हिंदुस्थानातील संप्रदायांच्या बहुलतेशी त्याची तुलना करतात. आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, पण ख्रिस्त लाभला नव्हता, असा या निवेदनाचा मध्यवर्ती निष्कर्ष आहे.

या निष्कर्षाचे वाचन सावधपणे करावे लागते. वरवर पाहता येथे रमाबाई पंथांच्या पलीकडे जाऊन शुद्ध वैयक्तिक श्रद्धेपर्यंत पोचल्या, असे दिसते. परंतु ‘धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता’ हे विधान ज्या साच्यात येते, तो साचा इंग्रजी सुवार्तावादी आत्मनिवेदनांचा सुपरिचित साचा आहे. रमाबाईंनीच आपल्या परिवर्तनाला कारण झालेले पुस्तक म्हणून विल्यम हॅस्लम यांच्या आत्मवृत्ताचा निर्देश केला आहे आणि हॅस्लम हे धर्मोपदेशक झाल्यानंतर परिवर्तन अनुभवलेले गृहस्थ होते. पंथांच्या पलीकडे जाण्याची ही भाषा अशा रीतीने एका पंथीय प्रवाहाकडून आलेली आहे. यामुळे रमाबाईंचा अनुभव खोटा ठरत नाही. गाडामेर यांनी ‘सत्य आणि पद्धती’ (१९६०) या ग्रंथात पूर्वग्रहांविषयी जे मांडले आहे, ते येथे उपयोगी पडते. पूर्वग्रह हा आकलनातील अडथळा असतो, तसाच तो आकलनाचा आरंभबिंदूही असतो. रमाबाईंना मिळालेला साचा परका होता. त्यात त्यांनी भरलेला आशय, म्हणजे दुष्काळ, वैधव्य, तीर्थाटन आणि मठातील वाद, हा त्यांचाच होता. साचा आणि आशय यांच्या या ओढाताणीत त्यांची श्रद्धा ‘वैयक्तिक’ होते.

पुढील दोन घटना या प्रक्रियेची दुसरी बाजू दाखवतात. दौंड तालुक्यातील केडगाव येथील मुक्तिसदनात १९०५ साली झालेले धार्मिक जागरण जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात नोंदले गेले आहे. लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीटवरील सुप्रसिद्ध जागरण १९०६ चे. मुक्तीतील सहकारी मिनी एब्रम्स यांच्या पुस्तिकेच्या द्वारा या घटनेचे पडसाद चिलीपर्यंत पोचले. म्हणजे पंथ हा पश्चिमेकडून येणारा आणि मराठी मनाने स्वीकारावयाचा किंवा नाकारावयाचा पदार्थ नव्हता. पुणे जिल्ह्यातील अनाथ व विधवा स्त्रियांच्या प्रार्थनेने दुसऱ्या गोलार्धातील पंथाला आकार दिला. दुसरी घटना रमाबाईंच्या बायबल भाषांतराची. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केलेले हे साध्या मराठीतील भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, मुक्तीच्या छापखान्यात पूर्ण छापले गेले. रूढ भाषांतरातील संस्कृतप्रचुर आणि हिंदू अर्थच्छटा असलेले शब्द त्यांना खटकत होते. वाँटेजमध्ये लॅटिनऐवजी संस्कृतचा आग्रह धरणारी स्त्री केडगावात संस्कृतचे ओझे कमी करू पाहते, यात विसंगती आहे असे वाटेल. वस्तुतः दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे : ईश्वराशी बोलण्याच्या भाषेवर ताबा कुणाचा? वाँटेजमध्ये तो ताबा लॅटिन सांगणाऱ्यांचा होता. केडगावात निरक्षर बायकांच्या दृष्टीने तो संस्कृत जाणणाऱ्यांचा होता.

४

टिळक दांपत्याच्या बाबतीत तिन्ही घटकांचा मेळ वेगळ्या प्रमाणात बसतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तो अमेरिकन मराठी मिशनमध्ये. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरात पाय रोवलेले हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे होते. या परंपरेत बिशप नाही. स्थानिक मंडळी स्वायत्त असते आणि सभासदाच्या अनुभवाला मान असतो. रमाबाईंना ज्या प्रश्नावर झगडावे लागले, तो प्रश्न टिळकांच्या पंथात त्याच स्वरूपात उद्भवलाच नाही. टिळकांच्या काव्यातील मोकळेपणाचे श्रेय केवळ त्यांच्या कविवृत्तीला देणाऱ्या समीक्षेने या भेदाची दखल घ्यावयास हवी.

तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या आशयाचे टिळकांचे विधान सर्वत्र उद्धृत केले जाते. या रूपकाचा विचार मात्र फारसा झालेला नाही. पूल ओलांडल्यावर मागे राहतो. टिळकांच्या काव्यात तुकाराम मागे राहिलेला नाही. ‘अभंगांजली’त ख्रिस्ताला माउली म्हणणारी, त्याच्याशी भांडणारी आणि त्याच्या विरहाने व्याकुळ होणारी जी वाणी आहे, ती तुकोबांच्या वाणीखेरीज उमटूच शकली नसती. श्रद्धेचा विषय बदलला. श्रद्धेचे व्याकरण मात्र देहूचेच राहिले. व्याकरण ही शिल्लक उरलेली वस्तू नव्हे. नवे वाक्य तयार होण्यासाठी तीच आवश्यक अट असते. आणि व्याकरणाबरोबर काही अर्थही येतात. काँग्रिगेशनल प्रवचनात मध्यवर्ती असलेला पापक्षालनाचा आणि न्यायनिवाड्याचा आशय टिळकांच्या अभंगांत सौम्य होतो आणि सायुज्याची, सहवासाची ओढ प्रबळ होते. हा फरक अलंकरणाचा नाही. तो ईश्वरविषयक कल्पनेचा आहे.

या देवाणघेवाणीचा परिणाम उलट दिशेनेही झाला. टिळकांना जवळून ओळखणारे त्याच मिशनचे जस्टिन अॅबट यांनी १९२६ पासून मराठी संतकवींच्या इंग्रजी भाषांतरांची माला प्रसिद्ध केली. स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकोल यांचा संतकाव्याच्या भाषांतरांचा संग्रह १९१९ चा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. वारकरी फडाची आठवण करून देणारी ही कल्पना त्यांच्या १९१९ मधील निधनामुळे मूळ धरू शकली नाही. पण अँग्लिकन धर्मगुरू जे. सी. विन्सलो यांनी टिळकांचे चरित्र लिहिले आणि १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. पुढे हा संघ पुण्यात स्थिरावला आणि तेथून परतलेल्या अल्जी रॉबर्टसन यांनी इंग्लंडमधील फ्रान्सिस्कन संघाच्या घडणीत महत्त्वाचा वाटा उचलला. देहूच्या व्याकरणाचा प्रवास असा पंथापंथांतून झालेला आहे.

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त (१९३४ पासून क्रमशः प्रसिद्ध) मात्र पंथांची चर्चा नाही आणि तुकारामाचा पूलही नाही. या पुस्तकाचा आरंभ वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकी वेडाने होतो आणि त्या वेडाचे मूळ १८५७ च्या धामधुमीत कुटुंबावर कोसळलेल्या आपत्तीशी जोडलेले आहे. इतिहासाची एवढी मोठी घटना या घरात धान्य आणि मीठ धुण्याच्या रूपाने शिरते. त्यामुळे लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचा प्रवास सिद्धांताच्या अंगाने न होता पाण्याच्या आणि अन्नाच्या अंगाने होतो. नवऱ्यापासून काही वर्षे दूर राहिल्यावर त्या त्याच्याकडे परततात, तरी आपले पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवतात. जातिभेद माणसाने केलेला आहे, हा निर्णय त्या मिशनऱ्याच्या सांगण्यावरून घेत नाहीत. मनाशी विचार करून स्वतःच घेतात आणि तो अमलात आणतात तो कुणाच्याही हातचे पाणी पिऊन. १९०० मधील बाप्तिस्मा हा त्या निर्णयाच्या मागोमाग येतो. ज्या घराचा इतिहास सोवळ्याने लिहिलेला होता, त्या घरातील मुलीच्या दृष्टीने ख्रिस्ताची मुक्ती म्हणजे प्रथम सोवळ्यापासूनची मुक्ती होती. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ याच लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले, ही गोष्ट त्यांच्या विनोदी निवेदनशैलीच्या कौतुकात झाकोळून जाऊ नये. एकाच घरात, एकाच मिशनच्या छायेत राहूनही दोघांची श्रद्धा सारखी नाही. कारण दोघांनी आपापल्या पूर्वेतिहासातील वेगवेगळी जखम त्या श्रद्धेपुढे उघडी केली.

५

येथवरचे विवेचन ज्या लेखकांच्या आधारे झाले, ते सारे उच्चवर्णीय धर्मांतरित आहेत. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या समीक्षेतील ही सर्वांत मोठी मर्यादा होय. गंगाधर मोरजे यांच्यासारख्या संशोधकांनी या वाङ्मयाचा साक्षेपी इतिहास मांडला असला, तरी आत्मपर लेखन म्हटले की तीच चार-पाच नावे पुढे येतात. मात्र अहमदनगर जिल्ह्यात १८७६–७८ च्या दुष्काळाच्या सुमारास आणि नंतर ज्यांनी मोठ्या संख्येने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ते प्रामुख्याने महार व मांग समाजातील ग्रामस्थ होते. त्याच सुमारास, १८७८ पासून, जर्मन जेझुइटांनीही तेथे काम सुरू केले. एका गावात अमेरिकन मिशनची शाळा आणि शेजारच्या गावात कॅथलिक देऊळ अशी रचना झाली. एकाचे नियतकालिक ‘ज्ञानोदय’ (१८४२), दुसऱ्याचे ‘निरोप्या’ (१९०३). एकाचा ‘बाप्तिस्मा’, दुसऱ्याचा ‘स्नानसंस्कार’. एकाचे ‘प्रभुभोजन’, दुसऱ्याचा ‘मिस्सा’. एकाचे ‘पाळक’, दुसऱ्याचे ‘फादर’. एका भाषेत, एका जातीत, कधी एका भावकीत दोन धार्मिक शब्दकोश नांदू लागले. या शब्दकोशांचा तौलनिक अभ्यास ही मराठी शैलीविज्ञानासमोरची अद्याप शिल्लक असलेली जबाबदारी आहे.

या ग्रामीण ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने टिळकांचा ‘पूल’ काय होता? ज्याला देवळाच्या पायरीशी थांबावे लागले, त्याच्यासाठी अभंगाची परंपरा ही उघडी वाट होती तशीच बंद दाराची आठवणही होती. चोखामेळ्याच्या अभंगांत ही दुहेरी जाणीव आधीच आलेली आहे. ‘उपासना संगीता’तील टिळकांची पदे तो गातो, तेव्हा एका ब्राह्मण कवीने तुकोबांकडून घेतलेली आणि ख्रिस्ताला वाहिलेली भाषा तो आपल्या कंठात घेतो. हा वारसा परत मिळवणे आहे की पुन्हा एकदा उसना घेणे आहे, याचे उत्तर पदांच्या संहितेत सापडणार नाही. ते गाणाऱ्याच्या स्थितीत शोधावे लागेल. आणि त्या स्थितीत राज्यसंस्थेचाही हात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित होता. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला, ख्रिस्ती दलितांना लागू झाला नाही. त्यामुळे बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील नाव आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव यांतील अंतर हे या श्रद्धेच्या आत्मचरित्राचे न लिहिलेले प्रकरण आहे. अरविंद निर्मल यांनी १९८०च्या दशकात दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी केली, तीत वेदना हेच ईश्वरज्ञानाचे प्रस्थान मानले गेले. ही मांडणी प्रामुख्याने इंग्रजीत झाली. मराठी आत्मपर लेखनात तिचा पुरेसा आविष्कार व्हावयाचा आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा औद्योगिक पट्टा या प्रश्नाचे आजचे क्षेत्र आहे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका झाली. पुढील काळात चाकणपर्यंत वाहनउद्योग पसरला. या पट्ट्याच्या एका कडेला इंद्रायणीकाठचे देहू आहे, दुसऱ्या कडेला आळंदी आहे आणि मध्ये चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे. कारखान्यांच्या ओढीने नगर, सोलापूर, मराठवाडा या भागांतून मराठी ख्रिस्ती कुटुंबे येथे आली. केरळातून सीरियन परंपरेची, तमिळ प्रदेशातून प्रॉटेस्टंट व कॅथलिक, गोवा-मंगळूरहून कॅथलिक कुटुंबे आली. खेड्यात जो पंथ जन्माने आणि पत्त्याने ठरलेला होता, तो येथे निवडीचा विषय होतो. वडील ‘ज्ञानोदया’च्या परंपरेतील, शेजारी मलयाळी ऑर्थोडॉक्स, पाळीवरचा सहकारी पेंटेकॉस्टल सभेला जाणारा, आणि आषाढीच्या सुमारास दोन्ही पालख्यांचा गजर घरापासून फार दूर नाही, अशी ही परिस्थिती आहे. तुकोबांच्या गावाशेजारी राहणाऱ्या या ख्रिस्ती कामगाराला तुकाराम टिळकांच्या पदांतून अगोदरच भेटलेला असतो. श्रद्धेच्या वैयक्तिकतेचा अर्थ येथे एकांत असा होऊच शकत नाही. अनेक आवाजांच्या मध्ये आपला स्वर ओळखणे, असाच तो करावा लागतो.

६

पंथ हे केवळ विभाजनाचे तत्त्व नसतात, हे नजीकच्या इतिहासानेही दाखवले आहे. १९७० साली नागपुरात उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली. त्यात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल वारसे एकत्र आले. ज्या मंडळ्यांनी बिशपाशिवाय शतकभर उपासना केली, त्यांना बिशप मिळाला. ज्यांनी बिशपाच्या आज्ञेचा आग्रह धरला होता, त्यांना स्थानिक मंडळीचा आवाज ऐकावा लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) कॅथलिक उपासना मराठीत होऊ लागली आणि विभक्त बंधूंशी संवादाचे दार उघडले. पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम १९७२ मध्ये नव्याने सुरू झाला तो कॅथलिक सेक्रेड हार्ट भगिनी आणि अँग्लिकन सेंट मेरी द व्हर्जिन भगिनी यांच्या एकत्रित वास्तव्याने. ही दुसरी मंडळी म्हणजे रमाबाईंशी ज्यांचा वाद झाला, तीच. त्या आश्रमात भारतीय उपासनारीतीला प्रतिष्ठा मिळाली आणि तेथील सिस्टर सारा ग्रँट यांनी अद्वैत आणि ख्रिस्ती श्रद्धा यांच्या संबंधाविषयी गंभीर लेखन केले. क्रूसावरील संस्कृत अक्षरांवरून झालेला वाद नव्वद वर्षांनी त्याच मंडळीच्या प्रार्थनागृहात रमाबाईंच्या बाजूने निकाली निघाला, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र हा विजय संस्कृतचा होता, हेही विसरता येत नाही. साध्या मराठीचा आग्रह धरणाऱ्या केडगावच्या रमाबाईंचा पक्ष, आणि ज्यांच्यासाठी तो आग्रह होता त्या स्त्रियांचा व ग्रामस्थांचा पक्ष, या समन्वयात कितपत सामावला गेला, हा प्रश्न उरतोच.

समीक्षेच्या दृष्टीने या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनाचे वाचन करताना लेखकाचा पंथ आणि त्याच्या शेजारचे पंथ ही संहितेच्या अर्थनिर्णयनाची अंगे मानावयास हवीत; त्यांवाचून रमाबाईंचा विरोध केवळ स्वभावाचा आणि टिळकांचे स्वातंत्र्य केवळ प्रतिभेचे ठरते. दुसरी, ‘अवशेष’ या प्रतिमानाचा त्याग करावयास हवा. त्या जागी निवडीचे प्रतिमान अधिक उपयुक्त ठरेल : लेखकापुढे आलेल्या वारशांपैकी त्याने काय घेतले, काय टाकले आणि त्याची काय किंमत मोजली? या कसोटीवर रमाबाई, टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्यातील भेद उजळून निघतात. याच कसोटीवर हेही स्पष्ट होते की, ज्यांनी सर्वांत मोठी किंमत मोजली, त्यांच्या निवडीची नोंद मराठी वाङ्मयात सर्वांत थोडी आहे. ती नोंद पदांच्या हस्तलिखित वह्यांत, कीर्तनांच्या आठवणींत, मंडळ्यांच्या इतिवृत्तांत आणि औद्योगिक वसाहतींतील घरगुती प्रार्थनासभांच्या साक्षींत विखुरलेली आहे. आत्मपर लेखनाची व्याख्या छापील आत्मचरित्रापुरती मर्यादित ठेवल्यास ही सामग्री समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहील. आणि मग ‘मराठी ख्रिस्ती श्रद्धा’ या नावाने जे अभ्यासले जाईल, ते तिच्या एका लहान, साक्षर आणि बोलक्या भागाचे चित्र असेल.